गुरुवारच्या शंका आणि हिचा लांबचा चष्मा

आदरणीय दादा यांस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. (‘प्रभूमध्ये’ चालत नसेल तर तेवढं गाळून उरलेला सलाम घ्यावा.) तुमची पाठ कशी आहे? दिवसभर लोकांच्या जबड्यांत वाकून उभं राहिल्यावर ती दुखणारच, हे वहिनींनी सांगून झालं असेल, म्हणून मी सांगत नाही. मी बरा आहे. म्हणजे जेवतो, दुकान उघडतो, आणि येणारे सगळे ‘बरे दिसता’ असं म्हणतात. त्यांच्या चष्म्यांचे नंबर मीच काढलेले असल्यामुळे त्यांना जे दिसतं त्यावर मला विश्वास ठेवावाच लागतो.

पत्र लिहायला उशीर झाला, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळवूनच लिहायचं असं ठरवलं होतं. तुम्ही विसरला असाल. हिला मूठमाती देऊन आल्यावर हॉलमध्ये चहा चालला होता आणि माझ्या तोंडात केकचा मोठा तुकडा होता, तेव्हा तुम्ही विचारलंत, “काय हो मेहुणे, तुम्ही ख्रिस्ती माणसं स्वतःच्या श्रद्धेवर खरंच कधी शंका घेता, की घेतल्यासारखं करता?” (समोरच्याचं तोंड भरलेलं असतानाच प्रश्न विचारायची तुमची सवय धंद्यातली आहे, त्याबद्दल राग नाही.) मी मान हलवली. मी बहुतेक वेळा मानच हलवतो; बोलायचं खातं तुमच्या बहिणीकडे होतं. पण तुमच्या मागे पाळकसाहेब कप घेऊन उभे होते आणि त्यांनी तो न पिता तसाच बशीत ठेवलेला मी पाहिला. तुम्ही गाडीत बसून निघून गेलात. पुढचं सगळं आम्हाला भोगावं लागलं.

कारण पुढच्याच रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं की दर गुरुवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत शंका-सभा भरेल. प्रत्येकानं श्रद्धेविषयीची एक प्रामाणिक शंका घेऊन यायचं, लाजायचं नाही. मला सभांची आवड नाही, गोल मांडलेल्या खुर्च्यांची तर मुळीच नाही. (माझ्या कामात एक माणूस एका भिंतीकडे बघतो आणि मी अंधारात उभा असतो. तेच मला मानवतं.) पण पाळकसाहेब चष्म्याची काडी वाकली म्हणून दुकानात आले, आणि ती काडी त्यांनी बोलायला निमित्त हवं म्हणून मुद्दाम वाकवली होती असा मला आजही दाट संशय आहे. त्यांनी इतक्या मायेनं बोलावलं की मी मान हलवली.

तर पहिली सभा. सुरुवात मावशींनी केली. (तुमच्याच मावशी. तब्येत ठणठणीत आहे.) डोळे मिटून त्या म्हणाल्या की आपल्याला फार दिवसांपासून एक शंका छळते: देव आपल्यासारख्या क्षुद्र बाईवर इतकं प्रेम का करतो? सगळ्यांनी ‘अहाहा’ केलं. ही शंका आहे की स्वतःच्या पाठीवर स्वतःच मारलेली थाप, हे मला कळेना. मग बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर उठले. त्यांची शंका अशी की मागच्या बाकांवर बसणाऱ्यांची श्रद्धा खरी आहे का. मी मागच्या बाकावर बसतो. शेवटी पाळकसाहेबांनी स्वतःची शंका सांगितली, फार खोल होती, आणि तिचं उत्तर तीन मुद्द्यांत त्यांनीच लगेच दिलं. मुद्दे आधीच पाठ होते. दुसऱ्यावर अडखळले तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दादा, माझ्याकडे गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासून घ्यायला म्हातारे ड्रायव्हर येतात. त्यातले काही भिंतीवरचा तक्ता घरून पाठ करून येतात. ते लगेच ओळखू येतात. ज्याला खरंच बघायचंय तो डोळे बारीक करतो, मान पुढे काढतो, ‘ब आहे का व’ म्हणून कुरकुरतो. पाठ करून आलेला मात्र शेवटची, माशीच्या पायाएवढी ओळसुद्धा धाडधाड म्हणतो, आणि म्हणताना दरवाज्याकडे बघत असतो. आमच्या सभेत कुणाचेही डोळे बारीक झाले नव्हते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं वाटलं: घेतल्यासारखं करतात. तसं कळवणारही होतो.

पण अशा वेळी मी दुकानात तक्ता उलटा करतो. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं आहेत. पुढच्या गुरुवारी पाळकसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “आपण काहीच बोलत नाही.” आणि काय झालं कोण जाणे, मी बोललो. म्हणालो, शेवटच्या आजारात हिनं मला विचारलं होतं, “अहो, तिकडे चष्मा लागेल का हो?” मी म्हणालो, विश्रांती घे. (बायकोला आयुष्यातला एकच प्रश्न माझ्या धंद्यातला पडला आणि त्याला मी हे उत्तर दिलं.) नंतर शवपेटीवाल्यानं तिच्या नाकावरचा चष्मा काढून माझ्या हातात दिला, कारण पाळकसाहेब म्हणाले होते की पुनरुत्थानाच्या नव्या, निर्दोष शरीराला चष्मा कशाला. तेव्हाही मी मान हलवली. पण हिचा नंबर वजा नऊ. चष्मा नसला तर हातभर अंतरावरचा माणूस तिला पडद्यासारखा दिसायचा. एकदा बिनचष्म्याची असताना तिनं कोट अडकवायच्या खुंटाळ्याला “जेवायला चला” म्हटलं होतं. आता ते शरीर मिळतं हे खरं, पण कधी मिळतं? लगेच, की शेवटच्या दिवशी? मधल्या काळात ती चाचपडत बसली आहे का? आणि मी तिकडे पोचलो तर ती मला ओळखणार कशी? मी तर हाकही मारत नाही.

एवढं बोलून मी बसलो. तेवढ्यात मॅनेजरांचं कानातलं यंत्र शिट्टी वाजवू लागलं. त्यांनी ते काढून हातात धरलं आणि विचारलं, “मग हे?” मावशींनी तोंडावर हात ठेवला. तुम्हीच बसवलेली कवळी आहे ती. त्या म्हणाल्या, “माझी काढून घेणार असतील तर मी तिकडं गाणार कशी रे?” मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. कुणी गुडघ्यात बसवलेल्या धातूविषयी विचारलं. एकीनं विचारलं की तिचे पहिले यजमान तिकडे आधीच आहेत, हे मागून तिकडे गेलेल्या दुसऱ्यांना कळलं असेल का. सगळे माना पुढे काढून, डोळे बारीक करून पाळकसाहेबांकडे बघत होते. आणि पाळकसाहेबांनी चष्मा काढला, मांडीवर ठेवला, आणि म्हणाले, “मला माहीत नाही. मला आत्ता तुमच्यातल्या कुणाचाही चेहरा दिसत नाहीये, आणि मला भीती वाटतेय.” त्यांच्याकडे एकही मुद्दा नव्हता. तेव्हा लिहून घ्या: आमची माणसं शंका घेतात. फक्त ती दातांपर्यंत, कानांपर्यंत, डोळ्यांपर्यंत पोचावी लागते. (तरी पाळकसाहेबांनी चष्मा काढला तो परिणामासाठी का, हा संशय माझ्या मनातून पुरता गेलेला नाही. माझा स्वभावच असा झालाय.)

त्या दुपारी घरी आलो ते ठरवूनच, की चष्मा नेऊन तिच्या मातीत ठेवायचा, पाळकसाहेब काहीही म्हणोत. तुम्हाला ती निळी डबी आठवत असेल. पेटीवाल्यानं चष्मा दिला तेव्हा मी तो डबीत घालून, पेटीशेजारच्या टेबलावर ठेवून बाहेर लोकांना भेटायला गेलो होतो. पेटी बंद झाल्यावर डबी खिशात घालून घरी आणली, ती उघडायची हिंमत झाली नव्हती. आता उघडली. रिकामी.

दादा, त्यानंतर मी माणूस म्हणून घसरलो. मावशी कपडे आवरायला आल्या होत्या, त्यांच्यावर संशय. मॅनेजर समाचाराला येऊन बराच वेळ कपाटाजवळ उभे होते, त्यांच्यावर संशय. रविवारी उपासनेत देवाकडे कमी आणि लोकांच्या नाकांकडेच जास्त पाहिलं. सगळ्या फ्रेमा माझ्याच दुकानातल्या, त्यामुळे प्रत्येक चष्मा ओळखीचा वाटे. मावशींच्या नाकावरचा जवळून बघायला गेलो, तर त्यांना वाटलं मी रडायला खांदा शोधतोय. त्यांनी मला धरून ठेवलं. (मग खरंच थोडं रडू आलं, ते वेगळं.)

असो. बाकी सर्व क्षेम. वहिनींना सलाम. पाठीला जपावं.

आपला मेहुणा

ता. क. मावशींची कवळी सैल झाली आहे. गुरुवारी सभेत बोलताना घसरते आणि शंकेचा शेवट कळत नाही. एकदा येऊन बघावी. गुरुवारीच आलात तर बरं. खुर्ची ठेवतो.

आणखी एक. काल पेटीवाला दुकानात वाचायचा चष्मा करायला आला होता. गप्पागप्पांत म्हणाला की झाकण लावायच्या आधी बाईंच्या भावानं त्याला खोलीबाहेर काढलं होतं, “जबडा नीट मिटलाय का बघतो” म्हणून. त्याला ते धंद्यातलं वाटलं. मला नाही वाटलं. तुम्ही काहीच मानत नाही म्हणता, दादा. मग हा उद्योग कशासाठी, हे मी विचारणार नाही. आणि तिथून बाहेर येऊन, हात धुऊन, मला तो प्रश्न विचारलात! आमच्या शंकेची चौकशी करता, पण स्वतःच्या नास्तिकपणावर शंका घेता की घेतल्यासारखं करता, एवढं सवडीनं कळवा.

शेवटचं, आणि पत्र खरं यासाठीच आहे. तिचा जवळचा चष्मा इथे शुभवर्तमानात खूण म्हणून आहे, म्हणजे तुम्ही लांबचाच नेलात. बरोबर नेलात. फक्त काच ती बाहीनं पुसायची, नेहमी धुरकट ठेवायची. तिच्या नाकावर ठेवण्यापूर्वी पुसला होतात का?