दोन बैल आणि चाळीस दारं

कुंभवली,
पोळ्याची कर

तीर्थरूप दाजींच्या पायांवर नागोरावाचा दंडवत. आक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत (ही आपली पत्राची रीत, खुशाल कोणी नाही, आणि एकाला तर चार पाय असून उभं राहता येईना). तुमची कंबर कशी आहे? सोयाबीनला शेंगा धरल्या का? मी पोळ्याला आलो नाही म्हणून तुम्ही माझा आवाज ऐकला की फोन ठेवता, त्यामुळं हा कागद. आपल्या गल्लीतला ज्ञानेश माझ्याच कंपनीत आहे, तो आज दुपारी गावाकडं निघालाय, त्याच्या हाती देतो. फाडायचा झाला तर खुशाल फाडा, पण आधी वाचा.

आता, मी का आलो नाही? कंपनीनं रजा दिली नाही. (साहेबाला पोळा म्हणजे काय ते सांगायला गेलो, तर तो म्हणाला, बैलांचा सण आहे ना, मग तुला कशाला रजा.) पण दाजी, सण काय रजेवर अवलंबून असतो? आमच्या चाळीत चाळीसेक खोल्या, सगळ्या आपल्याकडच्या माणसांच्या. कोणी जिंतूरचा, कोणी औंढ्याचा, कोणी किनवटचा. पोळ्याच्या दिवशी सगळ्यांची तोंडं उतरलेली. आमची साखरबाई दरवर्षी मातीचे बैल पुजते आणि पुजताना मला ऐकू जाईल असे उसासे टाकते. यंदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, खरे बैल आणतो!

बैल होते आमच्या गोमाकडं. गोमा डोंगराकडच्या पाड्यावरचा. भाताची लावणी उरकली की आमच्या कंपनीत हमालीला येतो, कापणीला परत जातो, आणि दिवाळी झाली की बायको ठकी आणि पोरं घेऊन वैतरणेकडं वीटभट्टीवर, ते थेट होळीलाच घरी. वर्षाचं चाक हे असं. त्यात त्याचं स्वतःचं म्हणावं असं काय, तर डोंगरउताराचा एक तुकडा आणि ही जोडी, तांबू आणि चांद्या. जोडी आहे म्हणून भात, भात आहे म्हणून निदान पावसाळ्यात पोरं घरी आणि शाळेत. तरी गडी मोठ्या मनाचा. मी मागितले आणि त्यानं दिले. स्वतः चालवत घेऊन आला. मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, बैलांना फुलासारखं जपतो.

आले बैल. खांदे मळले, कानात आवतण दिलं, शिंगं रंगवली, झूल म्हणून साखरबाईची लग्नातली पैठणी (मी नको म्हणत होतो). आणि मग भांडण. बोला दाजी, कशावरून असेल? मानावरून! चाळीत राहणाऱ्या प्रत्येकाचा गावाकडं पोळ्याचा मान. ज्याच्या घराला मान नाही असा एकही माणूस कुंभवलीत आलाच नाही, असं दिसतं. कॉलर धरण्यापर्यंत गोष्ट गेली. तेव्हा मीच शहाणपणा केला. म्हटलं, मान कोणालाच नाही. बैल प्रत्येक दारी जातील आणि प्रत्येक घर आपल्या हातानं एक पोळी घालील. सगळे खूष. मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं.

वेस म्हणून कंपनीचं गेट धरलं. तिथला वॉचमन म्हणतो, बैल का गेटपास किधर है? त्याला पोळी दिली, तो गप्प झाला. (ती एकच पोळी योग्य तोंडात गेली.) मंगलाष्टकं झाली, हलगी वाजली, आणि बैल दारोदार निघाले. आपल्या गावात घरोघरी बैल असायचे, ज्याच्या त्याच्या बैलाला ज्याची त्याची पोळी. इथं चाळीस दारं आणि बैल दोन, हा हिशेब माझ्यासकट एकाच्याही डोक्यात आला नाही. त्यात चांद्या शिंग उगारतो, म्हणून त्याच्या वाट्याला फार कोणी जाईना. तांबू गरीब. ज्याला त्याला त्याच्यात आपला गावाकडचा बैल दिसायला लागला. प्रतीक्षा म्हणून एक कोरडी मुलगी आहे, कधी हसत नाही, तीसुद्धा त्याच्या गळ्यात पडून रडली. गोमा कुठं होता? ज्ञानेशच्या खोलीत. पाहुणा म्हणून त्यालाही आम्ही बैलासारखंच खाऊ घालत होतो.

दिवेलागणीला तांबूची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. दात खायला लागला आणि बसला तो उठेना. गुरांचे डॉक्टर आले, नळी घातली, औषध पाजलं, आम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या आणि विचारलं, किती पोळ्या? चाळीस घरांनी शपथा घेऊन सांगितलं, एक! आमची साखरबाईही एकच म्हणाली, पण तिच्या पुरणाचा टोप रिकामा कसा, याचं उत्तर तिनं अजून दिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, रवंथ करायला लागला तर वाचला. रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

सकाळी ठकी आली. तांबूच्या पोटावरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळली. "आमी बैलाला गवत देतो, पेज देतो. तुमी देव म्हणून नेलात नि मारायला काढलात? एका बैलावर नांगर चालतो काय? आता दुसऱ्या बैलासाठी भट्टीवाल्याची उचल घेवून दसऱ्यालाच भट्टीवर जावा लागंल, पोरांची शाळा सुटंल." गोमा काही बोलत नाही, तेच जास्त लागतं. आत्ता हे लिहितोय तेव्हा अख्खी चाळ पत्र्याच्या शेडखाली उकिडवी बसून एका बैलाच्या तोंडाकडं बघते आहे. पहिल्या पाळीला कोणी गेलं नाही. जबडा जरा हलला की सगळे पुढं सरकतात आणि परत मागं येतात. मला भीती वाटते, दाजी. खरंच फार भीती वाटते.

बाकी ठीक. आक्काला जपा.

आपला धाकटा मेहुणा,
नागोराव

ता. क. आता मुद्द्याचं. तांबू गेला तर मला आपला राजा हवा आहे. मी गाव सोडताना तुमच्या दावणीला बांधला तो. ट्रॅक्टर आल्यापासून तो नुसता उभा असतो, असं आक्का म्हणाली. तो गोमाला देईन. त्याच्या पोरांची शाळा माझ्यामुळं सुटली तर हे तोंड घेऊन मी कुठं जाऊ? माझ्यावर कितीही रागवा, पण नाही म्हणू नका.

ता. क. दुसरा. ज्ञानेश रिक्षात बसून हाका मारतोय. तांबू अजून तसाच.

ता. क. तिसरा. दाजी, रवंथ! रवंथ करतोय! आधी एक ढेकर दिला, तो पार गेटपर्यंत गेला असेल. मग मान उचलली, जबडा फिरायला लागला, आणि चाळीतली बायामाणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. आता तर उठून उभाच राहिला. ठकी रडली, आणि रडता रडता मला आणखी शिव्या दिल्या. गोमा आत्ता बोलला. म्हणाला, "वाघबारशीला आमच्या पाड्यावर या सगली. पण हात रिकामंच आणा." (वाघबारस म्हणजे त्यांचा दिवाळीआधीचा गुरांचा सण.) तेव्हा राजाला पाठवू नका, वरचं विसरा.

ता. क. शेवटचा. रजेचंही विसरा. रजा मंजूर होती, पिशवीसुद्धा भरली होती. पण राजा वेशीतून निघणार आणि त्याचं दावं माझ्या हातात नसणार, हे बघवलं नसतं. तांबूच्या कपाळावरही राजासारखाच पांढरा टिळा आहे, म्हणून तर आमच्या घरून त्याला एक नव्हे, नऊ पोळ्या गेल्या. साखरबाईनं आत्ता कबूल केलं. त्यातल्या चार माझ्या हातच्या. ज्ञानेशबरोबर एक पोळी पाठवतो आहे. आमचं नाव सांगून राजाला घाला. चतकोरच घाला, दाजी. त्यानं मान लांब करून आणखी मागितली, तरी देऊ नका.