नामिबियातला वैशाख

५ जानेवारी, सोमवार
नवी वही. आधी घरच्यांची खुशाली, मग बाकी. तशी सवयच आहे.
ही (सुमन): डावा गुडघा थंडीत धरतो, तोंड मात्र ठणठणीत. मुलगा प्रशांत बरा. सूनबाईचा खोकला गेला. मी: बी.पी.ची गोळी चालू, मोतीबिंदू काढल्यापासून नजर घारीची. अकोल्याची शोभा, हिची धाकटी बहीण: साखर वाढली, भात बंद. तिचे यजमान दिनकरराव, म्हणजे आमचे साडू: त्यांना काय धाड भरली! ते चालले आफ्रिकेत.
शोभाचाच दुपारी फोन. नामिबिया नावाचा देश. सकाळी सोबत फिरायला जाणारे, यांच्यासकट पाच जण, सगळे दुकानदार. सिंह, हत्ती, गेंडे पाहणार म्हणे. दि.रावांचं बियाण्याचं दुकान. भारद्वाज आणि कावळा यातला फरक या माणसाला मी तीनदा सांगितला, तीनदा विसरला.
मी मेळघाटातल्या परतवाडा-धारणी रस्त्यावर तीस वर्षं बस चालवली. अस्वल आडवं आलं की इंजिन बंद करून, पॅसेंजर गप्प करून, पाहत बसायचो. पाखरांची नावं कोणी शिकवली नाहीत. एकेक करून जमवली.
ही म्हणाली, "चेहरा काहून पडला?"
म्हटलं, "गॅस झाला."

७ जाने.
वाचनालयातून आफ्रिकेचं पुस्तक आणलं. इंग्रजी आहे, मांडीवर डिक्शनरी घेऊन बसलो. जाणार ते, पुस्तक मी का आणलं? ते वहीलाही सांगत नाही.

९ जाने.
दि.रावांचा फोन. "भाऊ, तुमची दुर्बीण पायजे होती. आन तिकडच्या जनावरायची यादी करून द्या न, मराठीत. तुमच्याबिगर कोन करीन हे काम?"
"बरं" म्हणालो. वरात त्यांची, घोडी माझी!
"येता का" हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. मीही विचारलं नाही. विचारत फिरायला काय मी पंगतीतला वाढपी आहे? केव्हा निघता, एवढं विचारलं. "एप्रिलच्या शेवटी. बुद्धपौर्णिमा तिकडेच."

१२ जाने.
यादी चालू. तिथल्या एका हरणाची शिंगं सरळ, भाल्यासारखी. मराठी नाव नाही. मी ठेवलं, भालेराव. दि.रावांच्या लक्षात राहील.
नंतर पावसाचं पान आलं. तीनदा वाचलं, शब्द न् शब्द डिक्शनरीत पाहिला. देश पृथ्वीच्या खालच्या अंगाला. सगळं उलटं. आपला उन्हाळा ती त्यांची थंडी. पाऊस जानेवारी ते मार्च. म्हणजे एप्रिलअखेर डबकी भरलेली, गवत माजलेलं, जनावर रानभर पांगलेलं. पाणवठ्यावर गर्दी होते ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, सगळं सुकल्यावर.
म्हणजे हे पाच जण इतक्या लांब जाऊन गवत पाहणार.
हसू आलं. खोटं कशाला लिहू, गोड हसू आलं. त्यानंतर दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१४ जाने. संक्रांत
हिला घेऊन अकोल्याला. दि.राव दारातच नवी टोपी घालून उभे. "कसा दिसतो, भाऊ?" म्हटलं, बुजगावण्यासारखे. खो खो हसले. या माणसाला टोचून बोललेलं लागतही नाही!
बैठकीत त्यांचे सोबती नकाशा पसरून बसलेले. एकाने विचारलं, "एप्रिलच काहून पण?"
दि.राव माझ्याकडे हात करून, "आमच्या भाऊनं शिकवलं हाये. जनावर पाहाचं त वैशाखात. पानी आटलं का वाघही झक मारून पान्यावर येते. मेळघाटात बुद्धपौर्णिमेले मले मचाणावर बसवलं होतं यायनं. तो सहलीचा एजंट म्हने सप्टेंबरात जा. म्या म्हनलं, तुले काय कयते बे? आमच्या घरी मास्तर हाये!"
सगळे माझ्याकडे पाहू लागले. तोंडात तिळाचा लाडू होता. तो चावत राहिलो. फार वेळ चावला.

१५ जाने.
परतताना बसमध्ये हिला सगळं सांगितलं.
"अवो, त मंग सांगा न त्यायले!"
"त्यायनं मले इचारलं का, संगं येता का म्हनून?"
"कोन इचारीन तुमाले? प्रशांतच्या साखरपुड्यात दिनकरराव सोताहून म्हनले होते, भाऊ, एकदा आफ्रिका पाहू दोघं. तुमी काय म्हनले?"
मी खिडकीची काच लावू लागलो. उत्तर हिनेच दिलं.
"ज्यानं मेळघाट पाह्यला त्याले आफ्रिका कायले पायजे! पाचपन्नास मानसात बोलले. तो बिचारा हसला, पन तोंड एवढंसं झालतं त्याचं."
म्हणालो होतो. तेव्हा पासपोर्टही नव्हता माझा, फुशारकी तेवढी होती. बडनेरा आल्यावर हिची पिशवीही मीच उचलली.

१७ जाने.
यादी पुरी झाली. बावीस जनावरं, चाळीस पाखरं, पाण्याच्या जागा, कपडे कोणते घालायचे, सगळं. महिना सोडून.
मन म्हणतं, एजंटाने सांगितलं होतं, त्यांनीच ऐकलं नाही. मन म्हणतं, गवतातही एखादा हत्ती दिसेलच की. माझं मन वकील झालं असतं तर बरं कमावलं असतं.
मचाणावरचे दि.राव आठवतात. एरवी घटकाभर गप्प न बसणारा माणूस. तिथे खोकलाही गिळला. गव्याची नुसती पाठ दिसली, तर माझं मनगट असं धरलं की वळ उठला. खाली उतरल्यावर पाया पडले माझ्या, दुसऱ्यांदेखत.
पण तरी तेच जाणार. मी नाही. हे काही केल्या...

१९ जाने., सोमवार
शोभाचा निरोप: तिकिटं उद्या दुपारी पक्की.
सकाळी दुकानावर फोन लावला. "बोला भाऊ!" गिऱ्हाइकांचा गलका. मी विचारलं, अकोल्यात थंडी कशी आहे. ते म्हणाले, हाये बऱ्यापैकी. ठेवला. सत्तरीला आलेला माणूस, थंडी विचारतो!
ही आतून म्हणाली, "जमलं नाही न? लिहून धाडा." सूनबाई पाचला शाळेतून येते, ती मोबाईलवर टाकून देईल. तोवर इथे कच्चं करतो. शेवटचा परिच्छेद पाठवायचा की नाही, ते तिच्या हाती देताना ठरवीन.

प्रिय दिनकरराव,
वैशाख मेळघाटाचा. नामिबियाचा नव्हे. मी शिकवलं ते इथल्यापुरतं होतं, तिथे ऋतू उलटे. एप्रिलात गवत दिसेल, जनावर नाही. एजंट बरोबर बोलत होता, सप्टेंबरअखेरचं करा. त्याला चार शब्द जास्त बोलला असाल तर माझ्या नावाने माफी मागा.
हे मला बारा तारखेपासून माहीत होतं. संक्रांतीला तुमच्या बैठकीत बसलो होतो तेव्हाही. सांगितलं नाही. पोटात जळत होतं म्हणून.
साखरपुड्यात मेळघाटाचं बोललो ती फुशारकी होती. मलाही आफ्रिका पाहायची आहे. सोबत जागा असेल तर, नसेल तरी, तसं कळवा. पण उद्या तिकिटं काढायच्या आधी कळवा, लवकर.