अक्काच्या फोनची काच

१२ जानेवारी, किनवट
नांदेडची मीटिंग उरकून आले. फोन पर्समध्ये तसाच टाकलेला. त्यात वसतिगृहाच्या चाव्या, अन् मुलींना नदीवर नेलं होतं तेव्हाची वाळू. बसमधून उतरून बघते तर काचेवर मधोमध चरेच चरे. फुटली न्हाई, एवढंच.

सहाला अक्काचा व्हिडिओ कॉल. चरे नेमके तिच्या हातांवर. तोंड दिसतं, बोटं न्हाई दिसत. अन् तिचं सगळं बोलणं बोटांत. चार वर्षांची असताना तापात कान गेले. शाळा कुठली तिला! खुणा आमच्या घरातल्याच, बाहेर कुणाला कळत न्हाईत. आई होती तोवर तिघी बोलायचो. आता मी इथं अधीक्षिका, ती उदगीरला दोन खोल्यांत एकटी.

आज काहीतरी दोनदा म्हणाली. मी नुसतीच मान हलवली. कळलं नव्हतं.

१४ जाने. संक्रांत
स्वयंपाकाच्या कमलमावशी म्हणाल्या, "मॅडम, दात घासायची पेस्ट लावा, लख्ख होतंय." अर्धा तास घासत बसले. चरे तसेच, वरून काच धुरकट. बोटही सरकेना.

अक्कानं तीळगूळ दाखवला. मी माझ्या काचेचं रडगाणं सांगितलं. तर तिनंही पंजा तोंडापुढं आडवा फिरवला, दोनदा. म्हणजे तिच्याही काचेला चरे? दोघींची एकच गत.

तीळगूळ दाखवायला दुसरं कोणी नव्हतं तिच्याकडं. माझ्याकडंही.

१७ जाने.
बाजारात रफिकभाईच्या दुकानात गेले. फोन उजेडात तिरका धरून बघत म्हणाला, "पेस्ट लावली ना? सगळेच लावतात. चाव्यांनी काही होत न्हाई मॅडम, रेतीनं होतं. हे आता निघत न्हाईत. वरून टेम्परची काच लावतो, बारीक चरे दबून जातील."

लावलं. बरंच बरं दिसायलंय. संध्याकाळी अक्काची बोटं नीट दिसली, नखाजवळचा भाजल्याचा डागसुद्धा. "हे काय?" तर हात मागं घेतला. परत तोच पंजा तोंडापुढं.

अक्काच्या शेजारच्या शिवलीलावहिनींना फोन केला. म्हटलं, अक्काचा फोन जरा दुकानात दाखवा, काच खराब झाली म्हणते.

२० जाने.
वहिनींचा फोन. "ओ सुनंदाबाई, दुकानदार हसला की मला! म्हणाला, काच आरशासारखी हाय, काय बदलू? अन् एक सांगू का, रागावू नका. तुमची अक्का परवा माझ्या दारात चपला शोधत होती. चपला पायापुढंच होत्या बघा."

फोन ठेवला. हजेरी घ्यायची होती, एक नाव दोनदा वाचलं. मुली हसल्या.

२१ जाने.
कॉलवर अक्काला एक डोळा झाकायला लावला. तीन बोटं दाखवली. डाव्यानं सांगितलं, तीन. तेही अंदाजानं, हसत. उजव्यानं काहीच न्हाई. माझा हातच दिसेना.

कधीपासून? तिनं अंबाड्यावर हात ठेवला. ही आईची खूण. आई असल्यापासून.

आईला जाऊन दीड वर्ष झालं. म्हणजे एवढे दिवस ती माझं बोलणं अर्धं बघून, अर्धं ओळखून… अन् मी रोज सहा वाजता दहा मिनिटं बोलून फोन ठेवायची. बहिणीचं सगळं करते असं वाटायचं मला.

काहून न्हाई सांगितलंस, विचारलं. म्हणाली, तू लांब आहेस.

२२ जाने.
रजेचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "झेंडावंदनाच्या तोंडावर?" म्हटलं, हाव, तोंडावर. कधी असं बोलले नव्हते. दहा दिवस मिळाले.

२४ जाने., उदगीर
घरात भांडी सगळी एका ओळीत. डबे, काडेपेटी, तवा, सगळं ठरलेल्या जागी. मी पेला दुसरीकडं ठेवला तर तिला सापडेना. चिडली. तोंडातून चिडल्याचा आवाज येतो तिच्या, तो तिला ठाऊक न्हाई.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. उजव्यात मोतीबिंदू पिकलेला, डाव्यात सुरुवात. "आधी उजवा. लातूरला पाठवते. पण शस्त्रक्रियेच्या वेळी डोळा हलवायचा न्हाई, सांगू तसं ऐकायचं, हे त्यांना समजावून आणा."

ऐकायचं.

२६ जाने.
मोतीबिंदूला आमच्यात खूणच न्हाई. खिडकीच्या काचेवर तोंडाची वाफ सोडली, डोळ्याकडं बोट केलं, काच पुसली. तिला वाटलं डोळा काढणार. दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीकडं वळून बसली. आता तिच्याशी बोलायचं कसं? पाठीवर हात ठेवून बसून राहिले. जेवली न्हाई. मीही न्हाई.

२७ जाने.
सकाळी तिनं स्वतःच काचेवर वाफ सोडली. पुसली. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. बॅग भरायला घेतली तिनं.

२९ जाने., लातूर
दारातच अडवलं. "नातेवाईक बाहेर." मी म्हटलं, तिला ऐकू येत न्हाई, मी आत न्हाई आले तर ती उठून बसेल. बरीच हुज्जत झाली. शेवटी तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "मला शिकवा, मी करते." शिकवलं: हातावर एक टिचकी, हलू नको. दोन, झालं. अक्कानं सिस्टरचा हात चाचपून बघितला अन् आत गेली. मागं वळली न्हाई.

बाहेर बाकावर बसले. सगळ्यांसोबत कोणी न कोणी होतं. शेजारची बाई म्हणाली, "तुमच्याबरोबर कोण?" म्हटलं, ती आतली.

पट्टी बांधून आणली. उजवा झाकलेला, डाव्यानं धूसर. मी खूण केली, तिला दिसेना. मग तिचा तळवा उघडून त्यावर बोटानं आमच्याच खुणा काढत गेले. पाणी. बस. मी आहे. हे शेवटचं तीनदा सांगायला लावलं तिनं.

३० जाने.
पट्टी काढली. डोळे मिचकावले, भिंत बघितली, सिस्टरच्या बांगड्या बघितल्या. मग माझं तोंड. लई वेळ. माझ्या कानशिलाजवळच्या केसांना हात लावला.

म्हणाली, तू म्हातारी झालीस.

सिस्टर विचारायल्या, काय म्हणतात? मी सांगितलं, दिसतंय म्हणते.

१ फेब्रु., उदगीर
डावा डोळा नंतर, डॉक्टर सांगतील तेव्हा. किनवटला चल म्हटलं. न्हाई म्हणाली. इथं गल्ली ओळखीची, वहिनी आहेत, तिथं तिला कोण समजणार? खरंय. माझ्या बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय, सही केली न्हाई. उदगीरला जागा आहे का तेही ठाऊक न्हाई. उद्या रजा संपते.

दुपारी भाकरी करताना मध्येच थांबली, पिठाचे हात तसेच. विचारलं, तिथं संध्याकाळी तुझ्याशी कोण बोलतं?

मला कळलं न्हाई असं दाखवलं.

तिनं हात धुतले, पदराला पुसले, माझ्यासमोर येऊन बसली अन् परत विचारलं. एकेक खूण सुटी करून, सावकाश.