सोबत वडीलधारे माणूस आणावे

लातूर, गुरुवार

ती. रामलिंगमामांना,

सिद्धरामचा लातूरहून वाकून शरणु शरणार्थी. मामींनाही सांगा. मागच्या खेपेला तुमचा डावा गुडघा दुखत होता, आता पाळी उजव्याची असेल, तरी जपा. मामींची शुगर आणि तुमची म्हैस दोघी ठीक असतील असं धरून चालतो. फोन न करता पत्र लिहून राहिलो, कारण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि माझं बोलणं अख्ख्या बिलोलीला कळतं. आधीच सांगतो, मला काही मागायचं न्हाई. नुसती हकीकत कळवावी म्हणून लिहितोय.

आमची डाळमिल बंगळूरच्या कंपनीनं घेतली हे तुम्हाला माहीत हाय. (मी तिथं सुपरवायझर हाय, हेही माहीत असावं. तुम्ही लोकांना "भाचा डाळीत असतो" एवढंच सांगता.) या कंपनीचा कायदा असा की दरसाल प्रत्येकानं एका फॉर्मात आपले गुण आपणच लिहायचे आणि स्वतःला पाचपैकी मार्क टाकायचे. आता सांगा मामा, आपल्याकडं असं कोण करतं? पोराला मुलगी बघायला नेलं तर पोरगं खाली मान घालून पोहे खातं, तारीफ मामानं करायची असते. पोरगंच बोलायला लागलं तर पोरीकडचे आपापल्या चपला शोधतात.

तर आम्ही एकोणीस जणांनी रीतीला धरून स्वतःला एक-एक, दोन-दोन मार्क टाकले. नागुबाई अठ्ठावीस वर्षं डाळ निवडून राहिली. तिनं "तुमची बलस्थाने" हे कोरं ठेवलं आणि "तुमच्या उणिवा" यात "गुडघे, चष्मा, धाकटा जावई" असं लिहवून घेतलं. मशीनवरचा लिंबाजी नुसत्या आवाजावरून पट्टा कुठं घासतोय ते सांगतो. त्यानं लिहिलं, पोटापुरतं येतं. साहेबाबद्दल मत विचारलं होतं, तिथं मात्र सगळ्यांनी मला पाचपैकी पाच दिले. त्यावर बंगळूरहून शेरा आला की एवढं एकमत म्हणजे साहेबाची दहशत दिसते, सबब हे मार्क रद्द. (माझी दहशत! ऋतुजाला घरी हे वाचून दाखवलं तर तुमची सूनबाई कणीक सोडून हसत बसली.)

महिन्याभरानं पत्र आलं. तीनच्या खालचे सगळे "सुधारणा यादीत". फेरतपासणी होईल, तेव्हाही खाली राहिले तर घरी. म्हणजे अख्खी मिल घरी! मामा, त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. ठरवून टाकलं, एकही माणूस जाऊ द्यायचा न्हाई, मग काय व्हायचं ते होवो. ते पत्र सात वेळा वाचलं. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ घावली: स्थानिक संस्कृतीनुसार पद्धतीत बदल करण्यास हरकत नाही. बस्स. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लावली, की फेरतपासणीला प्रत्येकाने सोबत वडीलधारे माणूस आणावे, गुण तेच सांगतील, कर्मचाऱ्याने खाली मान घालून बसावे.

तपासायला शिल्पा मॅडम आल्या. वयानं पंचविशीच्या, पण समजूतदार. पहिला नंबर लिंबाजीचा. त्याचे चुलते हणमंतराव कडक फेटा बांधून आले. समोर चहा, बिस्किटं, खुर्चीत पोरगी, हातात कागद. त्यांना सवयीनं जे वाटायचं तेच वाटलं. म्हणाले, पोरगं निर्व्यसनी हाय, बोअरला बारमाही पाणी हाय, तुम्ही भावंडं किती? (पोरगं बावन्न वर्षांचं, नातू बालवाडीत.) मी खाकरून इशारा केला, तर त्यांनी मलाच पाणी पाजलं. मॅडमनी मात्र न हसता "निर्व्यसनी" लिहून घेतलं आणि मशीनचं विचारलं. मग चुलते असे सुटले की चार मार्क पडूनच थांबले.

पुढचा नंबर नागुबाईचा, आणि इथं माझी चूक झाली. तिच्याकडून बोलायला तिची सासू सरजाबाई आली. सासू लोकांपुढं सुनेला चांगलं म्हणत न्हाई, ही रीत मी साफ विसरलो होतो. म्हातारीनं सुरुवातच केली, "हिला कायबी येत न्हाई. भाकर जाड करती." मॅडमनी एक मार्क लिहिला. नागुबाईची मान आणखी खाली गेली. पण मी हटलो न्हाई. म्हटलं, आजी, भाकरीचं राहू द्या, डाळ कशी निवडते तेवढं सांगा. म्हातारीनं आ केला आणि तोंडात बोट घातलं.

"ह्यो एकच दात राहिलाय बघा. हिच्या हातची डाळ खाते म्हणून राहिलाय. इतक्या वर्षांत खडा लागला न्हाई."

नागुबाईनं तोंडाला पदर लावला. हे तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. मॅडमनी एक खोडून पाच लिहिले. मला रडू आलं, तुमच्यापासून काय लपवायचं.

तीन दिवसांत अठरा जण यादीतून निघाले. एकच राहिलाय, त्याचंही होईल. मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जावं.

तुमचा भाचा,
सिद्धराम

ता.क. राहिलेला तो मीच. मीपण स्वतःला दोनच टाकले होते. आमचे अण्णा तर गेले, आता माझ्याकडून बोलायला वडीलधारं माणूस तुम्हीच. येत्या मंगळवारी अकरा वाजता यावं. एकेचाळीस सोयरिकी जमवलेल्या माणसापुढं बंगळूरची कंपनी काय टिकते!

ता.क. २. ऋतुजाच्या घरच्यांना सांगितलं होतं ते सांगू नका ("पोरगं बावळट हाय, पण सांगितलेलं ऐकतं"). दहावीचंही काढू नका.

ता.क. ३. माझ्या तोंडावर तुम्ही आजवर एक चांगला शब्द बोलला न्हाईत. माघारी लई बोलता, असं मामी सांगतात. मी समोर बसल्यावर तुम्हाला जड जाणार असेल तर मी बाहेर उभा राहतो. दार मात्र पुरतं लावून घेऊ नका.