रायफल कोणाच्या नावावर

१२ सप्टें., शुक्र.
इथे आखातात, कताराला शिकारीच्या सामानाचं प्रदर्शन लागलंय. संजयला ओढत नेलं. नवरा माझा पुण्याचा, बंदूक आणि गॅसचा लायटर यांतला फरक कळत नाही, तरी स्टॉलवाला सगळं त्यालाच समजावत होता. शेवटी मीच मध्ये तोंड घातलं. तिन्हीसांजेला, चाळीस पावलांवर, झाडीतून येणाऱ्या जनावरासाठी कुठला स्कोप? "विच अ‍ॅनिमल, मॅडम?" संजय पटकन म्हणाला, "पिग." स्टॉलवाल्याचा चेहरा! मग हसला बिचारा. "हिअर ओन्ली फाल्कन, मॅडम." तरी स्कोप हातात दिला. शुक्रान, भाऊ.
मोठं झूम फालतू. जवळच्या जनावराचे नुसते केस दिसतात. एक ते चार पट, बस्स. रायफल ३१५ बोअरचीच, तिकडे गावी लायसनवर तीच मिळते.

१५ सप्टें.
बाबांचा फोन. डुकरांनी खालच्या मळ्यातलं भात लोळवलं, सुरण उकरला. जुन्या बारा बोअरची नळी खलास झालीय. मेमध्ये घरासमोरच्या खळ्यात बसून म्हणाले होते, "लायसन तुझ्या नावार करूया. नेम तुझोच." तेव्हापासून मी हवेत आहे. मार्चमध्ये लेकीची, ईशाची दहावी. जूनमध्ये आम्ही दोघी कायमच्या गावी, संजय त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की. बाग, भात, राखण मी बघणार. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दुसऱ्यांचं रक्त तपासून पुरे झालं.

१९ सप्टें.
निल्याचे मेसेजवर मेसेज. धाकटा भाऊ, कुडाळला मोबाइलचं दुकान. एरवी अत्तर नि खजूर हवे असले की ताई आठवते. आता रोज प्रश्न. वजन किती, धक्का किती बसतो, बोल्ट अडकतो का. मी ब्रेकमध्ये बसून निबंध लिहिते. बाबांना मदत करतोय, गुणी बाळ! बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.
त्याचं म्हणणं, चोवीस पटीचा स्कोप घेऊ, दिसायला भारी. मेल्या, वरातीत मिरवायचाय का?

२३ सप्टें.
निल्या: "ताई, चष्मा लावून स्कोप नीट दिसतो ना? धक्क्याने काच डोळ्यात नाय ना जाणार?"
डोळा स्कोपपासून चार बोटं लांब ठेवायचा, वगैरे सगळं लिहून पाठवलं. मग सॅम्पल मशीनमध्ये लावता लावता हात थांबला. मला चष्मा नाही. बाबांना फक्त पेपरापुरता. चष्मा निल्याला, चौथीपासून.
विचारलं, "रायफल कोणासाठी?"
वाचल्याच्या निळ्या टिक्स आल्या, तेवढ्याच. 

२४ सप्टें.
आईला फोन. आईला खोटं जमत नाही. नुसतं "अगो... अगो..." मग आलं बाहेर. गणपतीतच ठरलं. लायसनचा अर्ज निल्याच्या नावाने गेलासुद्धा. त्या दिवशी मी व्हिडिओवर आरतीला होते! सगळे माझ्याकडे बघून हसत होते, ईशाला टाळ वाजवून दाखवत होते. एकाच्याही तोंडून ब्र नाही. आधी सांगितलं असतं तर ताई माहिती द्यायची नाही, ही भीती. शिरा पडो तुमच्या तोंडार.
ड्युटीवर दोनदा लेबल चुकलं. सिस्टर विचारत होती, फीवर है क्या. हो म्हटलं.

२६ सप्टें., शुक्र.
बाबा स्वतः फोनवर. मी ओरडले, बाल्कनीतून खाली ऐकू गेलं असेल. "माका इचारूचा पण नाय?"
शांतपणे म्हणाले, "तू थंय. डुकरां हंय. जूनापर्यंत वाट बघतली काय ती?" वर नवऱ्यावर घसरले, "तुझो घोव येतलो काय हंय रवाक?"
सगळं खरं. म्हणूनच जास्त जळलं. पण मग मेमध्ये म्हणालात कशाला?
पुढे, "निल्या कागद पाठवता. ना हरकत. एंबसीत सही करून धाड." लायसन नावावर करायला वारसांची संमती लागते म्हणे. सहीपुरती मी वारस.
जूनमध्ये मी जाऊ कुठे आता? निल्याच्या घरी पाहुणी म्हणून? हॉस्पिटलात अजून राजीनामा दिला नाही, देवाची कृपा.
ईशा म्हणाली, "बट आजोबा प्रॉमिस्ड यू, ना?" तिच्यावरच खेकसले. संजयने चहा केला. 

२८ सप्टें.
काही नाही. निल्याचा कागद आला. प्रिंट काढली नाही.

३० सप्टें.
निल्याने फोटो टाकला. चोवीस पटीवाला स्कोप, "ताई, हाच फायनल, उद्या ऑर्डर." घे. घे आणि मर, असं आलं मनात, आलंच. मग दिवसभर धड जेवले नाही. गोळी अर्धवट लागलेलं डुक्कर पळत नाही, उलटून अंगावर येतं. वाडीतल्या भिवाची मांडी मी पाहिलीय. आणि निल्या चष्मा पुसत उभा राहणार.
संध्याकाळी मीच बाबांना फोन लावला. स्कोप का लहान, कितीवर ठेवायचा, सगळं सांगितलं. राखणीच्या माळ्यावर बसून बोलायचे तसे बोलत होते. "नेम किती पावलार बांधूचो?" म्हटलं, पन्नास. "आणि वारो?" एवढ्या जवळ वारा काय करतो, बाबा! हसले. मीपण हसले, लाज नाही मला.
मग म्हणाले, "शाबास गो बाय. आता ह्या सगळा निल्याक नीट समजावून सांग हां." ठेवला फोन.
सहीबद्दल विचारलंही नाही. मी करणारच, असं धरून चाललेत.
उद्या एंबसीची अपॉइंटमेंट. संजय विचारतोय, अल नस्र रस्त्याच्या ट्रॅफिकमधून वेळेत पोचायचं तर लवकर गाडी काढू ना?
म्हटलं, सकाळी बघू.