एका सहीपुरता वेळ

प्रिय दिपमाला,

तुझ्या आईचं, ताईबाईंचं, एक वाक्य सध्या सारखं आठवतं. आपण अकरावीत होतो. भडगावच्या तुमच्या घरी अभ्यासाच्या खोलीचं दार आपण आतून लावून घेतलं, तेव्हा ताईबाई बाहेरून म्हणाल्या होत्या, "पोरीस्ले कडी कसाले लागस वं?" मी घाबरून दार उघडायला उठले. तू माझा हात धरलास आणि आतूनच उत्तर दिलंस, "भाऊनी खोलीले शे ना, मंग आमले बी पाहिजे." बाहेर नवलभाऊ मोठ्याने हसले आणि म्हणाले, "लावू दे वं माय." मी तेव्हाही भित्रीच होते. पण तू शेजारी असलीस की निभायचं.

तू पाठवलेला नव्या कायद्याचा मसुदा वाचला. फोन करून तू म्हणालीस, "मास्तरीण, सरकारी मराठी वाचून माझे दात दुखतात, जरा माणसांची भाषा करून दे." मी शाळेतून आल्यावर कौतुकाने वाचायला बसले. आमदार झालीस, समितीवर गेलीस, आणि तरी एखादा शब्द अडला की भुसावळच्या मैत्रिणीला विचारतेस. सातव्या कलमापर्यंत मी लाल पेन घेऊन वाक्यं सोडवत होते. सातव्या कलमाशी पेन खाली ठेवला. तातडीच्या प्रसंगी, वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय, कोणताही पोलीस अधिकारी किंवा कर्मचारी कोणाच्याही फोनचा ठावठिकाणा मागवू शकेल. मराठी अगदी चोख आहे, दिपू. त्यात सुधारायला काही नाही.

हे कलम कुठून आलं ते मला ठाऊक आहे. नवलभाऊ आठवडे बाजारात एका रडणाऱ्या पोराला केळं देत होते, एवढंच. मुलं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज सकाळपासून फिरत होता. मग त्यासोबत फिरलेल्या फोटोत भाऊंचा पांढरा सदरा होता. मेसेज कोण पाठवतंय हे शोधायला पोलिसांना परवानगी हवी होती, साहेब धुळ्याला बैठकीत होते. परवानगी आली तोवर बाजार उठला होता आणि जमावाच्या मारानं भाऊ ओळखू येत नव्हते. तिसऱ्या दिवशी तू मला म्हणालीस की एका सहीसाठी माझा भाऊ गेला, ती सही मी पुसून टाकीन. मी मान हलवली होती. आजही तुझं चुकलं असं मला म्हणता येत नाही. म्हणून तर हे लिहायला इतका वेळ लागतोय.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची सवय आहे, पण तसं नाही. संध्याकाळी कॉलनीत कोणाची मोटारसायकल थांबली की मी स्वयंपाकघरातला दिवा घालवते. हे विचारतात, "इतकं काय झालं तुला?" मी यांना रक्तदाबाचं सांगते. फोनवर तुझ्याशी बोलतानाही परवा मी केळीचे भाव काढत बसले आणि तू वैतागलीस. फोनवर मला काही बोलायचं नव्हतं. हे पत्र पोस्टानेही पाठवत नाही. तुझे ड्रायव्हर गिरधरभाऊ उद्या इकडे येणार आहेत, त्यांच्या हातात देईन.

आमच्या कॉलनीत यंदा आखाजीच्या सणाला बायकांनी कडुलिंबाला झोका बांधला. माहेरी आलेल्या लेकी होत्या, न जाऊ शकलेल्या सुनाही होत्या. गाणी सुरू झाली तशी माझ्या घरात लपलेली एक मुलगी खिडकीशी जाऊन उभी राहिली. लग्नानंतर आखाजीला माहेरी न गेलेली मुलगी तू पाहिली आहेस का? मी बाहेर आमरसाच्या वाट्या वाटत होते. तिने बंद करून ठेवलेला फोन चालू केला, आईला लावला आणि गाणी ऐकवत राहिली. दोघी नुसत्या ऐकत होत्या म्हणे. तिचा नवरा पोलिसात आहे. त्याने त्याच दिवशी तिचा नंबर शोधायला टाकला. पण त्याच्या वरच्या अधिकारी बाईसाहेबांनी सही करण्याआधी विचारलं, "कारण काय लिहू?" तो म्हणाला, "बायको शे माझी, कारण कशाचं?" बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि मुलीच्या आईला फोन केला. आईने रिक्षावाल्याच्या फोनवरून मला कळवलं. मी त्या मुलीला पहाटेच्या गाडीत बसवलं. ओळखीपाळखीत शोधत तो माझ्या दारात आला तेव्हा घरात फक्त तिची चप्पल राहिली होती. त्याने ती ओळखली. मला म्हणाला, "मावशी, आता कायदा येऊ राहिला. तुम्ही किती दिवस पुरणार?" आवाज चढवला नाही. जाताना पाया पडला.

तो नीलेश होता, दिपू. मुलगी किरण, आपल्या नवलभाऊंची. तू स्थळ आणलंस, तू लग्नात बापाच्या जागी उभी राहिलीस, म्हणून तिची आई, लतावहिनी, तुला सांगू शकल्या नाहीत. किरण कोणाबरोबर तरी गेली असं नीलेशने तुला सांगितलंय आणि तिला शोधायला तू त्याच्यासाठी वर शब्द टाकलास, हेही मला कळलंय. तिच्या डाव्या कानाने तिला नीट ऐकू येत नाही. का, ते तिलाच विचार, पण आत्ता नको. ती कुठे आहे हे मी तुलाही सांगणार नाही. सोमवारी समितीत ते कलम मंजुरीला येईल आणि सगळे तुझ्याकडे बघतील, कारण ते भाऊंच्या नावाने ओळखलं जातं. त्यातले 'वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय' हे शब्द काढायला उभी राहा. तू नाही म्हणशील. भाऊंचा तो सदरा आठवला की मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं. तरीही मागते आहे. काढ ते शब्द.

तुझीच भित्री,
ज्योत्स्ना