टाचणीची पँट

ती. अक्कास,

तुझ्या धाकट्या भावाचा (वय वर्षे सत्तेचाळीस, तुझ्या मते अजून सात) नमस्कार. गुडघे कसे आहेत? "बरे आहेत" असं मोघम कळवू नकोस. डावा किती, उजवा किती आणि जिना चढताना आधी कोणता कुरकुरतो, ते सविस्तर लिही. इकडे सगळे खुशाल. तुझी भावजय नेहमीप्रमाणे सकाळी सातला प्रयोगशाळेत जाते, दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी घरी येऊन माझं पिते (हे वाक्य तिला कळवू नये). हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीस, आणि आज मला बरंच बोलायचं आहे.

विषय टाचणीचा. (मुलगी बारीक आणि टोचणारी, म्हणून दुकानातल्या कारागिराने ठेवलेलं हे नाव तुला पसंत नाही, ठाऊक आहे. पण खऱ्या नावाने हाक मारली तर ती ओ देत नाही, त्याला मी काय करू?) तुझ्या घराजवळच्या निवासी शाळेत तिला प्रवेश मिळाला, हे तुला कळलंच आहे. तेराव्या वर्षी, स्वतः परीक्षा देऊन. त्या शाळेने सामानाची यादी पाठवली. बादली एक, चादरी दोन, कुलूप एक, आणि सगळ्यात शेवटी असं की मुलीला स्वतःचे कपडे धुता आणि उसवलं-तुटलं शिवता आलं पाहिजे. मी मोठ्याने हसलो. शिंप्याच्या मुलीला हे शिकवायला निघाले! हसू ओठांवर असतानाच तिचा शर्ट इस्त्रीला घेतला, तर इस्त्रीखाली काहीतरी खरखरलं. बघतो तर तिसऱ्या बटणाच्या जागी स्टेपलरच्या दोन पिना. अक्का, माझ्या हातची पँट घालून लोक नोकरीच्या मुलाखतीला जातात, आणि माझ्या मुलीचा शर्ट स्टेपलरवर उभा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. विचारलं तर शांतपणे म्हणाली, बटण तुटलं की मी शर्ट तुमच्या मशीनवर टाकते, सकाळी लागलेलं असतं. परवा तुम्ही बाहेरगावी होता. ते खरं होतं. तेरा वर्षांत तिने सुई हातात धरली नव्हती, कारण मीच धरू दिली नव्हती. बोटाला टोचेल म्हणून.

त्याच दुपारी मी निश्चय केला. गणवेशाची पँट ही मुलगी स्वतः शिवेल, अगदी मापापासून काज-बटणापर्यंत. मला वाटलं होतं ती कुरकुर करेल, रडेल, मग मी थोडं विरघळेन, आणि अर्धी पँट माझ्याकडे येईल. तिने उलट मलाच अटी घातल्या. हात लावायचा नाही. बोलायचं नाही. "आणि खाकरायचंही नाही, बाबा. तुमचं खाकरणं मला कळतं." तुझ्या भावजयीने साक्षीदार म्हणून मान डोलावली. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली आहे.

पहिल्या दिवशी कापड मांडलं तेव्हाच घोटाळा झाला. पँटचे मागचे दोन भाग कापताना एक उलटा करून घ्यावा लागतो, नाहीतर दोन्ही एकाच पायाचे होतात. हिने दोन्ही सारखेच आखले. मला दिसत होतं, कात्री पुढे सरकत होती, आणि मी खाकरू नये म्हणून ओठांत टाचण्या धरून बसलो होतो (सात होत्या). तुझी भावजय कामावरून आली आणि माझा चेहरा पाहून तिने दाढदुखीची गोळी पुढे केली. शेवटी टाचणीने दोन्ही भाग उचलून जोडून पाहिले. दोन डावे पाय! आता रडेल, मला हाक मारेल, म्हणून मी खुर्चीवरून अर्धा उठलोही. ती म्हणाली, "दोन डावे पाय असलेलं गिऱ्हाईक आहे का तुमच्याकडे?" आणि तिने सुती पडदा मागितला. कपडे घालून बघायच्या खोलीचा. आधी पडद्यावर हात बसवते, मग चांगलं कापड घेते, म्हणे. ही अक्कल मला शिकाऊ असताना तीन वर्षांनी आली होती. पडदा गेल्यापासून गिऱ्हाईकं कपडे बदलतात तेव्हा कारागीर त्या दारात पाठ करून उभा असतो, आणि सगळेच संकोचतात.

पडद्याच्या पँटचा एक खिसा तोंडाशीच शिवला गेला आणि एका पायात पाय जाईना. कारागीर हसला. टाचणीने त्याला उजेडातून बाजूला व्हायला सांगितलं आणि पुन्हा उसवायला बसली. अकरा दिवस, अक्का. रोज शाळेतून आल्यावर दोन तास. बोटांना पट्ट्या, केसांत दोरे, आणि उसवताना दात-ओठ खाणं असं की बघणाऱ्याचं तोंड दुखावं. माझ्या हाताखाली आजवर नऊ माणसं शिकली. त्यांतल्या एकानेही इतक्या वेळा न कंटाळता उसवलेलं मला आठवत नाही. बाराव्या दिवशी खऱ्या कापडाची पँट उभी राहिली. टीप सगळीकडून नागमोडी, पण पाय एक डावा, एक उजवा.

आता गुन्हा कबूल करतो. ती शाळेत होती, पँट मशीनवर होती, आणि मागची शिवण, जिच्यावर बसताना सगळा ताण येतो, ती मला जरा कच्ची दिसली. परगावी, नव्या मुलींच्या घोळक्यात, खाली वाकताना ती फाटली तर? एवढाच विचार आला. पुढचं कळलं तेव्हा मी ती उसवून नवीन टीप मारलेली होती. पंचाईत अशी की टीप सरळ आली. त्या सगळ्या नागमोडी शिवणींत ती एकटी सरळ. आंधळ्यालाही कळलं असतं. म्हणून पुन्हा उसवली आणि वाकडी टीप मारायला बसलो. अक्का, एकतीस वर्षं सरळ शिवल्यावर वाकडं शिवणं किती अवघड असतं, ते तुला सांगून कळणार नाही. चष्मा काढून शिवलं, सरळ आली. डाव्या हाताने कापड सारलं, सरळ. खुर्ची तिरकी केली, मान मागे वळवली, तरी हात ऐकेना. तेवढ्यात एक जुने हेडमास्तर कोट न्यायला आले. भिंतीकडे तोंड करून शिवणारा शिंपी पाहून ते कोट न घेताच परत गेले. शेवटी कारागिराला मशीन हलवायला सांगितलं, तेव्हा कुठे मनासारखी वाकडी टीप पडली.

संध्याकाळी टाचणीने पँट हातात घेतली, शिवणीवरून बोट फिरवलं, आणि म्हणाली, "ही वाकडी टीप माझी नाही. माझी कुठेही वळते. ही ठरवून वळलीय." मी शिवण कच्ची होती म्हणू लागलो, तर तिचा आवाज बदलला. "म्हणजे मला जमणार नाही असंच तुम्हाला वाटत होतं ना?" मग ती पहिल्यांदा रडली. दोन डाव्या पायांना रडली नव्हती ती. रडत रडतच तिने माझी टीप उसवली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्या दोन दिवसांत मी पुष्कळ विचार केला (गिऱ्हाईकही नव्हतं, हेडमास्तरांनी काहीतरी पसरवलं असणार). तुला खरं सांगतो. ती शिवण उसवणार नव्हती. ती चांगली होती. मलाच हात घालायचा होता. ती जाणार, आणि तिच्या अंगावर माझ्या हातचा एक टाकाही नसणार, हे मला सोसलं नाही. त्याला मी काळजी असं नाव दिलं. तिसऱ्या दिवशी हे सगळं तिला असंच सांगितलं. तिने ऐकून घेतलं, तिथल्या तिथे दुहेरी टीप मारली, पँट घातली आणि आमच्या जिन्यावरून वीस वेळा धावत वर-खाली केलं. एक दोरा हलला नाही. खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर तेवढा तक्रार करून गेला.

तेव्हा आता माझा निर्धार पक्का आहे. सोमवारी ती एकटी येईल, स्वतःची बादली स्वतः उचलेल. तू स्टेशनवर जायचं नाहीस, डबा पाठवायचा नाहीस, "पोर एकटी आहे हो" म्हणून शाळेत फोन करायचा नाहीस. पडेल, उठेल, शिकेल. आपण आड यायचं नाही. तू मला वाढवलंस तेव्हा माझ्या चपलाही तूच शोधून द्यायचीस, त्याचे परिणाम तुझी भावजय अजून भोगते आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. शाळा साडेचारला सुटते आणि मुली समोरच्या मैदानावर जातात, असं माहितीपत्रकात आहे. तू नाहीतरी गुडघ्यांसाठी फिरायला जातेसच.

आणखी ता. क. कुंपणाबाहेरून, मागच्या बाजूने बघ. फक्त शिवण बघायची. तिला दिसू नकोस. दिसलीस तर माझं नाव सांगू नकोस. चष्मा विसरू नकोस.

ता. क. (हे अक्षर माझं आहे, आत्या.) बाबांनी पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं, आणि पाकीट चिकटवायला विसरले. कुंपणाबाहेर उभी राहू नकोस, सरळ आत ये. मला भेट. शिवण एकदम घट्ट आहे, पण बाबांना तसं कळवू नकोस. उसवली असंही लिहू नकोस, ते पहिल्या गाडीने येतील. थोडी सैल वाटते, एवढंच लिही. मग ते कसं शिवायचं ते मला चार-चार पानं लिहून पाठवतील. शिवायचं मला येतं. पत्रं हवी आहेत.